दादाची मिरवणूक

माझ्या दादाला कोर्टानं निर्दोष सोडलं, त्याच संध्याकाळी चऱ्होलीत त्याची मिरवणूक निघाली. पुढं डीजे, मागं उघडी जीप, चौकात जेसीबीच्या बकेटमधून फुलांचा वर्षाव. कशाची म्हणून कमी नव्हती. फक्त दादा नव्हता. तो जेलमध्ये होता, आणि पुढचे अकरा दिवस तिथेच राहणार होता. जीपमध्ये हार घालून मी उभा होतो.

हे सांगतोय ते कुणाची कणव यावी म्हणून नाही. ज्यांनी त्याला आत ठेवलं त्यांची मला चीड आहे, ज्यांनी जीप आणली त्यांचीही आहे. पण शिव्या वाटायच्याच तर पंगतीत सगळ्यांना सारख्या वाढायला हव्यात. माझं ताट मी आधीच मांडून ठेवलंय.

आम्ही मूळचे धाराशिवकडचे. वडील पिंपरीच्या एका कंपनीत लागले आणि संत तुकाराम नगरात दोन खोल्यांत आम्ही दोघं भाऊ वाढलो. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण चेहरा एकच. कपाळ तेच, मिशी तीच, पुढं टक्कलसुद्धा दोघांना एकाच वयात पडलं. शाळेत त्यानं खोडी करावी आणि मास्तरांनी मला धुवावं, असं कितीदा तरी झालं. तो चाकणला मोटारीचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रेस शॉपला लागला आणि पर्मनंट झाला. मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला. आलेला माल तपासायचा, खराब निघाला तर त्याला लाल रंग फासून बाजूला टाकायचा, हे माझं तीस वर्षांचं काम. त्यामुळे मला कुठलीही गोष्ट दिसली की आधी तिच्यातली खोट दिसते. बायको म्हणते, हा रोग आहे. असेल.

दादाच्या कंपनीनं एका सकाळी कंत्राटी कामगारांना गेटवरूनच परत पाठवलं. त्यावरून संप झाला, संपात एक दिवस गेटवर ढकलाढकली झाली आणि सिक्युरिटीच्या एका गार्डचं डोकं फुटलं. पोलिसांनी नऊ जणांची नावं लिहिली. दादा युनियनच्या कमिटीवर होता, म्हणून तो 'मुख्य सूत्रधार'. हा माणूस मंडईत गेला तर मेथी घेऊ की शेपू हे वहिनीला फोन करून विचारतो, आणि म्हणे यानं कट रचला! डोकं फुटलं त्या वेळी दादा कंपनीच्या प्रथमोपचार खोलीत अंगठ्याला पट्टी बांधून घेत होता. रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद होती. पण रजिस्टर बघायला ते उघडावं लागतं, आणि तपास करणाऱ्या साहेबांना तेवढे कष्ट झेपले नाहीत.

बाकी आठ जण जामिनावर सुटले. दादाचा जामीन दोनदा नाकारला गेला. वरच्या कोर्टात अर्ज केला तर तो तारखांच्या ढिगात जाऊन बसला. अशी दोन वर्षं सात महिने गेली. वहिनी शिवणकाम करून घर चालवत होती.

परदेशात म्हणे बारा माणसं बसवून दोषी की निर्दोष ते ठरवतात. आपल्याकडची ती पद्धत कधीच बंद झाली. पण दादाच्या चऱ्होलीतल्या सोसायटीत खाली बाकड्यावर बारा काय, छत्तीस बसलेली असायची. त्यांचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला होता. "काहीतरी केलं असल्याशिवाय पोलीस उगाच नेतात का?" असं विचारणारे स्वतः रोज उलट्या बाजूनं गाडी घालून सिग्नल चुकवायचे.

शेवटी केस उभी राहिली. गार्ड सरळ माणूस निघाला. म्हणाला, मार मागून बसला, कोणी मारलं ते मी बघितलं नाही. पोलिसांचा पंच होता चौकीसमोरचा पानवाला. जप्त केलेली काठी कुठं सापडली हे त्याला सांगता येईना. वकिलानं विचारलं, तुम्ही याआधी किती केसमध्ये पंच होता? त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. ते रजिस्टर आमच्या वकिलानं कंपनीकडून मागवून घेतलं आणि जजसाहेबांनी एकदाचं ते उघडून पाहिलं. एका गुरुवारी सकाळी निकाल आला. निर्दोष.

मी कोर्टाच्या जिन्यात बसून रडलो, हे कबूल करतो.

आता त्या कराराचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अडकलंय. दादा आत असताना युनियनचा आणि कंपनीचा करार झाला. त्यात एक कलम होतं: गेटवरच्या केसमधला कामगार निर्दोष ठरला तर तुरुंगातून सुटल्यापासून आठ दिवसांत कामावर हजर व्हावं, नाही झाला तर त्याला नोकरीत रस नाही असं समजलं जाईल. दादानं या एका कलमावर दोन वर्षं काढली. भेटीला गेलं की जाळीतून तो घरचं कमी आणि प्रेस शॉपचं जास्त विचारायचा. त्याच्या मशीनवर कोण बसतंय, डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, कोण लावतंय. "मला माझ्या मशीनवरून रिटायर व्हायचंय, बाकी काही नको," असं म्हणायचा. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती.

निकाल लागला तरी वकील म्हणाले, अजून एक बंधपत्र लागतं. सरकारनं वर अपील केलं तर हजर राहीन अशी हमी निर्दोष माणसालाही द्यावी लागते, आणि त्याच्यासाठी जामीनदार लागतो. म्हणजे तुम्ही काही केलेलं नाही हे कोर्टानं मान्य केलं, आता काही न केल्याबद्दल जामीन द्या! मी सही केली. सुटकेचा कागद जेलकडे निघाला. वहिनी आणि मी त्याच्या मागोमाग निघालो. वहिनीच्या पिशवीत दादासाठी नवा शर्ट होता, तिनंच शिवलेला, आकाशी रंगाचा, बारीक पांढऱ्या रेघांचा. आत गेला तेव्हाचा शर्ट घालून त्यानं घरी येऊ नये असं तिच्या मनात होतं.

जेलच्या खिडकीत बसलेल्या शिपायानं कागद पाहिला, आत जाऊन आला आणि म्हणाला, "याच्यावर दुसरं वॉरंट आहे. सोडता येणार नाही."

ही दुसरी केस म्हणजे काय, तर पाच वर्षांपूर्वी चाकणच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी झालेला रास्ता रोको. त्या रस्त्यावर एरवीही रोज सकाळ-संध्याकाळ आपोआप रास्ता रोको असतो, त्याबद्दल कुणावर केस होत नाही. दादा दहा मिनिटं रस्त्यावर बसला होता, त्याची झाली. ती केस दुसऱ्या कोर्टात. दादा जेलमध्ये आहे असं कळल्यावर त्या कोर्टानं वॉरंट काढून त्याला तिथं एकदा हजर करून घेतलं आणि त्याही केसमध्ये कोठडी दिली. किरकोळ कलम, मागितला असता तर त्याच दिवशी जामीन मिळाला असता. मागितला नाही.

मी तिथूनच वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "हो, ती केस आहे. पण तेव्हा ते आतच होते ना. आत असलेल्या माणसाचा जामीन घेऊन काय करणार? मी म्हटलं, बघू नंतर."

"मग नंतर बघितलं का नाही?"

"अहो, राहून गेलं. इट हॅपन्स. उद्या करून टाकू."

माझ्या वर्कशॉपमध्ये एक भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर अख्खा लॉट परत येतो आणि सुपरवायझर माझी सालटी काढतो. इथं माणूस राहून गेला होता.

जेलसमोर वहिनी पिशवी छातीशी धरून उभी होती. मी सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आज येत नाहीत व्हय?" आणि कडेच्या कठड्यावर बसली. तेवढ्यात माझा फोन वाजला. फोन भाऊंचा होता.

हे भाऊ म्हणजे चऱ्होलीचे जुने गाववाले. दहा-बारा वर्षांपासून ते भावी नगरसेवक आहेत, त्यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर तसं लिहिलेलंच असतं. दादा आत असताना ते एकदाही घरी आले नव्हते. पण निकालाची बातमी कळल्यापासून दोन तासांत त्यांनी चौकात वीस फुटी फ्लेक्स चढवला होता. 'सत्याचा विजय! कामगारांचा वाघ घरी परतला! हार्दिक स्वागत!' दादाचा एक जुना हारातला फोटो होता, युनियनच्या कार्यक्रमातला. तो फोटो मीच दुपारी आनंदाच्या भरात त्यांना पाठवला होता. त्याच्या शेजारी दुप्पट मोठा भाऊंचा फोटो. दादाला न बघितलेल्या माणसाला वाटावं, सुटले ते भाऊच.

मी त्यांना सांगितलं की दादा सुटला नाही, दुसऱ्या केसचं लफडं आहे.

"आवो, पन डीजे आलाय," भाऊ म्हणाले.

"परत पाठवा."

"परत कसा पाठवू? पोरं जमल्यात, जेसीबी हुबा हाय, फुलं आनल्यात. उद्या सुटत्यालच की ते. मिरवणूक आज न्हाई निघाली तर आमची काय इज्जत राहती?" मग एकदम आवाज मऊ करून म्हणाले, "तुमी या राव. दोघं भाऊ येका साच्यातलं. लांबून कोन बघतंय? उद्या ते आलं की आपुन घरी सत्कार करू."

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलोय. इथं नवराच नव्हता, आणि बाशिंग बांधायला माझा गुडघा मागत होते.

मी नाही म्हणायला हवं होतं. मी तसं म्हणालोही, एकदा. पण चऱ्होलीत रिक्षातून उतरलो तेव्हा पन्नास-साठ पोरं दादाच्या नावानं ओरडत होती. ज्या बाकड्यावर आमचा निकाल लागला होता, त्याच बाकड्यावरची मंडळी टाळ्या वाजवत उभी होती. भाऊंनी माझा घामेजलेला शर्ट बघितला आणि म्हणाले, "ह्यो न्हाई चालनार. दुसरा हाय का?" वहिनीच्या हातातली पिशवी मीच घेतली. तिनं धरून ठेवली नाही. मी जिन्याखाली जाऊन दादाचा शर्ट अंगात चढवला, आणि तो मला बरोब्बर बसला.

वहिनीला कुणीतरी ओवाळणीचं ताट आणायला सांगितलं. ती म्हणाली, "माझा नवरा आल्यावर आणीन," आणि घरात जाऊन तिनं दार लावून घेतलं.

दीड तास मला फिरवलं. डीजेच्या ठोक्यानं जीपचा पत्रा थरथरत होता. पहिली दहा मिनिटं मी मान खाली घालून उभा होतो. मग एका म्हातारीनं हात जोडले, मी जोडले. पोरांनी हात केले, मी केले. चौकात वरून झेंडू पडायला लागला तेव्हा मी दोन्ही हात वर करून हलवत होतो. भाऊंनी माझा हात धरून उंच केला आणि समोर मोबाईलचे दिवे चमकले. एवढं सगळं होईपर्यंत मला एकदाही असं वाटलं नाही की, अरे, आपण काय करतोय.

दुसऱ्या दिवसापासून जामिनाची धावपळ सुरू झाली. शुक्रवारी दुसऱ्या कोर्टाचे साहेब रजेवर. त्यांचा चार्ज ज्यांच्याकडे होता ते म्हणाले, ही तातडीची बाब दिसत नाही, नेहमीच्या साहेबांसमोर ठेवा. शनिवार दुसरा, कोर्ट बंद. मग रविवार. सोमवारी साहेब आले, त्यांनी पोलिसांचं म्हणणं मागवलं. पाच वर्षांपूर्वी दहा मिनिटं रस्त्यावर बसलेल्या माणसाबद्दल पोलिसांना आणखी काय म्हणायचं होतं, देव जाणे. ते म्हणणं यायला बुधवार उजाडला. गुरुवारी अर्जावर सुनावणी झाली आणि शुक्रवारी जामीन मंजूर झाला. पण जामीनदार पाहिजे. मी आधीच एका केसमध्ये जामीन राहिलो होतो, म्हणून मी चालत नव्हतो.

भाऊ छातीवर हात मारून म्हणाले, "आमी हाय ना! सातबारा आनतो, काय काळजी करू नका." आणि खरोखर आणला. कारकुनानं तो उलटून पालटून बघितला. त्यावर भाऊंच्या सोबत चुलते, चुलतभाऊ, आत्या मिळून सतरा नावं होती, आणि बरीचशी जमीन बिल्डरच्या नावे कधीच गेलेली. गळ्यात बोटाएवढी साखळी, दारात जीप, आणि जामिनाला ठेवायला स्वतःची म्हणून गुंठाभर जमीन नाही. "ह्ये काय चालनार न्हाई म्हंत्यात," असं म्हणून भाऊ गेले ते गेलेच.

शेवटी उभा राहिला प्रेस शॉपमधलाच दादाचा जुना सोबती. पर्मनंट माणूस, दादाबरोबर वीस वर्षं एका शिफ्टला काम केलेला. मिरवणुकीला तो आला नव्हता. शनिवारी सुट्टी टाकून पगाराची स्लिप, रेशनकार्ड, आधारकार्ड असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो सकाळी नऊला कोर्टाच्या दारात हजर. दिवसभर बाकावर बसून राहिला, चहासुद्धा माझ्याकडून घेतला नाही. चार वाजता सही झाली. मी म्हटलं, फार उपकार झाले. तो म्हणाला, "उपकार कसले? त्याच्या मशीनवर मला बसवलंय कंपनीनं. मला त्याची डाय लावायला जीवावर येतं. त्याला लवकर बाहेर काढा." त्याच वेळी त्यानं विचारलं, "कंपनीला कळवलंय ना, की तो अजून आतच आहे म्हणून?"

मी म्हटलं, आठ दिवस तर सुटल्यापासून मोजायचे. अजून सुटलाच नाही, तर कळवायचं काय? तीस वर्षं दुसऱ्यांच्या मालातली खोट काढणारा मी. हा माझा माल मी न तपासताच पुढं ढकलला.

कागद जेलबाहेरच्या, सुटकेचे आदेश टाकायच्या पेटीत पडेपर्यंत संध्याकाळची वेळ टळून गेली. रविवारी पेटी उघडत नाहीत. सोमवारी सकाळी साडेदहाला लोखंडी दारातलं छोटं दार उघडून दादा वाकून बाहेर आला. हातात कापडी पिशवी, अंगावर जुना शर्ट, गळ्याभोवती ढगळ झालेला. डीजे नाही, जेसीबी नाही, भाऊ नाहीत. मी आणि वहिनी. वहिनीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि पिशवीतून तो आकाशी शर्ट काढला. तिनं तो मधल्या काळात तीनदा धुतला होता. दादानं तिथंच रस्त्याच्या कडेला अंगात घातला.

चऱ्होलीच्या चौकात रिक्षा थांबवून दादा त्या फ्लेक्सकडे बघत राहिला. उन्हानं रंग उडून त्याचा चेहरा पांढुरका झाला होता, भाऊंचा तेवढा शाबूत होता.

"मी कधी परतलो रे?" त्यानं विचारलं.

मी हसण्यावारी नेलं. जीपचं काही सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी पहिल्या शिफ्टच्या वेळेला दादा कंपनीच्या गेटवर गेला. मी सोबत होतो. डोक्यावर तेल, आकाशी शर्टाच्या खिशात पेन, पायात वहिनीनं पॉलिश केलेले सेफ्टी बूट. गार्ड तोच होता, डोकं फुटलेला. त्यानं दादाला नमस्कार केला आणि म्हणाला, "आत सोडायची ऑर्डर नाही. एचआरला भेटा." आणि त्यानं मान दुसरीकडे वळवली.

एचआरमधला मुलगा आमच्या मुलांच्या वयाचा. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फाईल उघडली. "काका, तुम्ही बारा दिवसांपूर्वी सुटलात. आठ दिवसांत रिपोर्ट केलं नाही. करारानुसार तुमचं नाव कमी झालंय. शनिवारी रजिस्टर्ड लेटर पाठवलंय, मिळेल एक-दोन दिवसांत."

"मी काल सुटलो, साहेब," दादा म्हणाला.

मुलानं एकेक कागद टेबलावर मांडला. फ्लेक्सचा रंगीत फोटो, 'वाघ घरी परतला'. एका गल्लीतल्या साप्ताहिकाचं कात्रण, 'जल्लोषात स्वागत', खाली तारीख. मग मोबाईल पुढं केला. भाऊंच्या पोरांनी टाकलेला व्हिडिओ. जीप, झेंडू, आकाशी शर्ट, वर केलेले दोन हात.

दादानं व्हिडिओ बघितला. मग अंगातल्या शर्टाकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यानं काहीतरी बोलावं, शिवी घालावी, अशी मी मनातल्या मनात भीक मागत होतो.

"तो मी आहे," मी म्हणालो.

मुलगा हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. "काका, चेहरा दिसतोय हो. शर्ट पण हाच आहे की."

कंपनीला खरं काय ते ठाऊक नव्हतं असं मला आजही वाटत नाही. ज्या कंपनीला कोण संडासात किती मिनिटं गेला ते कळतं, तिला आपला माणूस जेलमध्ये आहे की घरी, हे कळत नाही? पण युनियनचा एक जुना माणूस परत घ्यायचा नव्हता, आणि आम्ही त्यांना कारण तयार करून दिलं, वर डीजे लावून दिलं. भाऊंकडे गेलो. मिरवणुकीत दादा नव्हता एवढं लिहून द्या म्हणालो. ते म्हणाले, "तसं कसं लिवून देऊ? फ्लेक्सवर माझं नाव हाय. विलेक्शन तोंडावर आलंय. लोक म्हनतील, भाऊनं खोटी मिरवणूक काढली." आणि आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं.

जेलचा दाखला आणला, सुटल्याची तारीख आणि शिक्का असलेला. एचआरवाल्यांनी तो ठेवून घेतला आणि म्हणाले, आता प्रकरण लीगलकडे आहे. मग कामगार न्यायालय. तिथं कंपनीच्या वकिलांनी जेलचा दाखला 'मान्य नाही' म्हणून बाजूला सारला. सरकारी शिक्क्यापेक्षा भाऊंचा फ्लेक्स खरा! दोन वर्षं सात महिने ज्याला आत ठेवायला पानवाल्याची सही पुरली, तो बाहेर नव्हता हे सिद्ध करायला आम्हाला पुन्हा साक्षीदार लागत होता. तो साक्षीदार म्हणजे मी.

माझी साक्ष वर्षभरानं आली. दादा तोवर चाकणच्याच एका गोदामात रात्रपाळीचा वॉचमन झाला होता. माझ्याशी तो बोलतो, पूर्वीसारखाच बोलतो. जीपचा विषय मात्र त्यानं कधी काढला नाही. त्या दिवशी तो मागच्या बाकावर बसला होता, तोच आकाशी शर्ट घालून. दुसरा चांगला शर्ट त्याच्याकडे नव्हता.

कंपनीचे वकील सावकाश विचारत होते.

"व्हिडिओतला माणूस तुम्ही आहात?"

"हो."

"मिरवणूक कुणाची होती?"

"दादाची."

"शर्ट कुणाचा?"

"दादाचा."

"तुमचा भाऊ त्या वेळी जेलमध्ये होता असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो. जेलमध्येच होता."

"तुमचा सख्खा भाऊ निर्दोष असून जेलमध्ये अडकलाय, हे तुम्हाला त्याच दिवशी दुपारी कळलं होतं?"

"कळलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "मग तुम्ही हसत हात का हलवत होता?"

आमच्या वकिलांनी हरकत घेतली. साहेब म्हणाले, उत्तर देऊ द्या. मला कितीतरी उत्तरं सुचली. भाऊंनी जबरदस्ती केली, गर्दी होती, उद्या सुटेल असं वाटलं. सगळी थोडीथोडी खरी होती आणि सगळ्यांना लाल रंग फासण्याजोगी खोट होती. मागं बाकावर दादा मान वर करून ऐकत होता. या प्रश्नाचं उत्तर त्यालाही हवं होतं, आणि वर्षभर त्यानं ते मागितलं नव्हतं.

"आवडलं म्हणून," मी म्हणालो.

साहेबांनी टायपिस्टला मजकूर सांगितला: "साक्षीदाराचे म्हणणे की, त्यास ते आवडले." मग तो कागद माझ्यापुढं आला. मी वाचला, त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं, आणि मी सही केली.